४८६ वर एक्स विंडो: दोष तारेत निघाला

१९९६ साल. सांगलीत विश्रामबागच्या आमच्या लॅबमध्ये ४८६ वर (त्या काळचा पीसी) लिनक्स टाकून एक्स विंडो, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली, चालवायची होती. प्रोग्राम चालणार नेटवर्कवरच्या युनिक्स मशीनवर, खिडकी उघडणार पीसीवर. एरवी सर्व्हर म्हणजे पलीकडचं मशीन, इथे मात्र खिडकी दाखवणारा समोरचा पीसी, हे उलटं गणित आधी डोक्यात बसवावं लागतं. युनिक्सवर डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये (खिडकी कुठे उघडायची ते सांगणारी सेटिंग) पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि पुढे ‘:०’ (पहिला डिस्प्ले) दिला, पीसीवर एक्सहोस्ट कमांडने युनिक्स मशीनला परवानगी दिली. खिडकी उघडली, पण मध्येच गोठायची. दोन दिवस सेटिंगच उकरत बसलो. शेवटी सगळी मशीन बंद करून त्यांना जोडणाऱ्या कोॲक्स केबलला मल्टिमीटर लावला. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) असले की मीटर २५ च्या आसपास दाखवतो, इथे ५०! दाराजवळचा टर्मिनेटर आतून तुटला होता. नवा बसवला. एक्सक्लॉक या घड्याळाच्या प्रोग्रामचा सेकंदकाटा न अडखळता फिरला, आणि मी तो कितीतरी वेळ बघत राहिलो.