घर घेण्याआधी कोणती मोजणी करून घ्यावी?

माझ्या मावसभावाने तालुक्याच्या गावी 3 गुंठ्यांवरचं बांधलेलं घर घेतलं. वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ होता, सातबारावर नावही लागलं. दोन वर्षांनी शेजाऱ्याने मोजणी आणली आणि कंपाउंडची लांब बाजू 4 फूट त्याच्या गटात निघाली. 99 फूट लांबीवर 4 फूट म्हणजे 396 चौरस फूट, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. न्हाणीघर नेमकं त्यातच. कागद खरे होते, पण जागेवर कोणी माप लावलं नव्हतं.

पायरी 1: उतारा कोणता ते बघा. मोजणीचा प्रकार त्यावरूनच ठरतो.

सातबारावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव असेल तर हद्द कायम मोजणी मागा. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक जुन्या नकाशावरून गटाच्या हद्दी जागेवर दाखवतो.

सातबारावर पाच-सात नावं असतील आणि त्यातला एकजण “माझा हिस्सा हा इथून इथपर्यंत” म्हणत असेल तर थांबा. सामाईक गटाची हद्द कायम केली तरी कळते ती अख्ख्या गटाची हद्द. त्याचा तुकडा कुठला, हे त्यातून ठरत नाही. तिथे आधी पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिला सगळ्या सहधारकांची संमती लागते. ती मिळत नसेल तर माझ्या मते तो व्यवहार सोडून द्यावा, भाव कितीही चांगला असो.

बिनशेती प्लॉट असेल तर मंजूर लेआउट आणि बिनशेती मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा) मागून घ्या, आणि प्लॉटची मापं त्यावरून जागेवर ताडून बघा.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा समजू नका. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना मारतात आणि नकाशा त्या रेषांवरून तयार होतो. म्हणून पत्रिकेवरचं क्षेत्र टेप लावून एकदा पडताळा.

पायरी 2: अर्ज विकणाऱ्याला करायला लावा. मोजणीचा अर्ज जमिनीचा धारक करतो, घेणारा नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. फी नियमित आणि द्रुतगती अशी वेगवेगळी आहे. साठेखतात स्पष्ट लिहून घ्या: मोजणी होऊन ‘क’ प्रत हातात आल्यावरच उरलेली रक्कम. विकणारा “मोजणी कशाला, सगळं माहीत आहे” म्हणाला, तर मोजणीची गरज जास्तच आहे.

पायरी 3: मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या आहेत का ते विचारा. खुणा दाखवल्या की लगेच तिथे दगड रोवून घ्या आणि प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा. नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. नंतर ‘क’ प्रतीवर दोन हद्दी शोधा, एक अभिलेखाप्रमाणे आणि दुसरी वहिवाटीची, म्हणजे प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे. कुठली रेषा कशाची हे नकाशावरच्या टिपेत वाचा. दोन रेषांमध्ये जी जागा सुटते, भांडण तिथलंच असतं.

फ्लॅट घेत असाल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे इमारतीची तब्येत महत्त्वाची. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. मुंबईत सी-1 शेरा म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कार्पेट एरिया मोजताना आतल्या भिंती धरा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात येत नाहीत.

जमिनीची मोजणी एखाद्या शेजाऱ्याला मान्य नसेल तर तो वरिष्ठांकडे निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागू शकतो. तसा अर्ज पडला असेल तर निकाल येईपर्यंत खरेदीखत करू नका.