क्लिपबोर्डवर सही करण्याआधी: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी ‘प्रॉप’ची ओळख

कॅलिफोर्नियात येऊन महिना होत नाही तोच कोणीतरी तुमच्यासमोर क्लिपबोर्ड धरतं. त्यावर एखादा कायद्याचा प्रश्न, म्हणजेच ‘प्रॉप’ (प्रपोझिशन), मतपत्रिकेवर आणण्यासाठी सह्यांचा कागद असतो. जागा ठरलेल्या असतात: शनिवारच्या फार्मर्स मार्केटचं तोंड, लायब्ररीची पायरी, मोठ्या दुकानाच्या दारातली ट्रॉल्यांची रांग. “मतदार आहात ना? एक सही द्या, अर्ध्या मिनिटाचं काम.” माणूस हसतमुख असतो, मुद्दा पटण्यासारखा असतो आणि वर चार सह्या आधीच झालेल्या दिसतात. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर तिथे सही करू नका. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ व्हिसा असो, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी नाही. “मी नागरिक नाही” एवढं म्हणा आणि पुढे चला. कोणी वाईट वाटून घेत नाही.

पिटिशनवर, म्हणजे सह्यांच्या या अर्जावर, फक्त नोंदणी झालेल्या मतदाराची सही चालते, आणि आपण पात्र नाही हे ठाऊक असताना सही करणं हा इथे गुन्हा आहे. पण त्याहून मोठा धोका क्लिपबोर्डच्या खालच्या कागदात असतो. सह्या गोळा करणाऱ्यांजवळ बरेचदा मतदार नोंदणीचे कोरे अर्जही असतात. “नाव नाही यादीत? मग हा भरा, लगेच होईल.” त्या अर्जावर आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. नागरिक नसताना ते लिहून दिलं की इमिग्रेशन कायद्यात तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो, आणि त्यातून सुटायची वाट जवळजवळ नाहीच. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भरताना नेमकं हेच विचारतात: नागरिक असल्याचा दावा कधी केला होता का, मतदार म्हणून नाव कधी नोंदवलं होतं का, मत दिलं होतं का. बाजाराच्या दारात घाईत भरलेला कागद तिथे समोर येतो.

डीएमव्हीतही, म्हणजे गाडीचं लायसन्स देणाऱ्या खात्यातही, हेच लक्षात ठेवा. २०१८ पासून लायसन्सच्या अर्जाला मतदार नोंदणी आपोआप जोडलेली आहे, आणि त्या पहिल्याच वर्षी यंत्रणेच्या चुकीने नागरिक नसलेल्यांची काही नावंही यादीत गेली होती. नागरिकत्वाच्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर आणि कागदावर दोनदा वाचून मगच पुढे जा. तरीही घरी तुमच्या नावाची मतपत्रिका आली, तर ती भरू नका. काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची प्रत जपून ठेवा आणि इमिग्रेशन वकिलाच्या कानावर घाला.

आता हे कागद असतात कशाचे? आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायका आधी सह्यांचं निवेदन देतात, मग गुप्त मतदान होतं आणि आडवी बाटली जिंकली की दुकानाला कुलूप लागतं. तीच कल्पना इथे अख्ख्या राज्याच्या कायद्याला लावलेली आहे. आमदारांना न विचारता लोकांनी कायद्याचा मसुदा लिहायचा, सह्या गोळा करायच्या आणि तो थेट मतपत्रिकेवर आणायचा. याला इनिशिएटिव्ह म्हणतात. मतपत्रिकेवर त्याला क्रमांक मिळतो आणि मग तो ‘प्रॉप’ होतो. कॅलिफोर्नियात हा हक्क १९११ सालचा. रेल्वे कंपनीची विधिमंडळावरची पकड मोडायची, हे वचन देऊन निवडून आलेल्या गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात तो राज्यघटनेत आला. दुसरा प्रकार रेफरेंडमचा: विधिमंडळाने केलेला कायदा ९० दिवसांत सह्या गोळा करून लोकांच्या मतासाठी अडवायचा. शिवाय विधिमंडळ स्वतःही काही प्रश्न मतपत्रिकेवर टाकतं. तिन्हींना नाव प्रॉपच, म्हणून प्रश्न कुठून आला हे आधी बघावं लागतं.

क्रमांकावर फार विसंबू नका. ते दर दहा वर्षांनी पुन्हा १ पासून सुरू होतात. २००० पासूनच प्रॉप ३६ नावाचे तीन वेगवेगळे प्रश्न होऊन गेले: २००० मध्ये, २०१२ मध्ये आणि २०२४ मध्ये. ऑफिसात कोणी “प्रॉप ३६ मुळे” म्हणालं तर साल विचारा. शहराच्या किंवा शाळा डिस्ट्रिक्टच्या प्रश्नांना अंकाऐवजी अक्षर असतं: मेझर ए, मेझर बी.

मसुद्याचा प्रवास असा. तो आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाकडे, २,००० डॉलर भरून दाखल होतो. २०१५ पर्यंत ही फी फक्त २०० होती, त्यामुळे कोणीही काहीही दाखल करायचं. मग ३० दिवस लोकांना सूचना पाठवता येतात आणि राज्याच्या तिजोरीवर किती भार पडेल याचा अंदाज तयार होतो. ॲटर्नी जनरल १०० शब्दांच्या आत शीर्षक आणि सारांश लिहून देतात. हे १०० शब्द सगळ्यात मोलाचे, कारण बहुतेक मतदार तेवढंच वाचतात. त्यानंतर सह्यांसाठी १८० दिवस मिळतात. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के, तर राज्यघटना बदलायची असेल तर ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या मतदानावरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे निघाले. गव्हर्नरची नवी निवडणूक झाली की आकडे बदलतात.

प्रत्यक्षात मात्र तेवढ्यावर कोणी थांबत नाही, बरेचदा दीडपटीच्या आसपास गोळा करतात. कारण तपासणीची पद्धत कडक आहे. प्रत्येक काउंटी आधी नुसत्या सह्या मोजते. मग त्यातल्या ३ टक्के किंवा ५००, जे जास्त असेल तेवढ्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून मतदार यादीशी ताडून बघते. त्यावरून काढलेला अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रश्न पात्र, ९५ टक्क्यांखाली राहिला तर बाद, आणि मधे अडकला तर एकूण एक सही तपासायची. एकाच माणसाने दोनदा केलेली सही सगळ्यात महाग पडते. ३ टक्क्यांच्या नमुन्यात अशी एक जोडी सापडली, तर बाहेर राहिलेल्या ढिगाऱ्यातही तशाच किती असतील याचं गणित मांडून हजाराहून अधिक सह्या वजा होतात. इतर बाद होणाऱ्या सह्यांचं कारण अगदी घरगुती असतं: माणसाने घर बदललेलं असतं पण नोंदणी जुन्या पत्त्यावरच राहिलेली असते, किंवा नवऱ्याने बायकोचा पत्ता घाईत भरून दिलेला असतो. नाव आणि पत्ता ज्याचा त्यानेच आपल्या हाताने लिहायचा असतो.

सह्या गोळा करणारे बहुतेक जण दर सहीमागे पैसे घेतात. हे कायदेशीर आहे, पण म्हणूनच त्यांना तुमची घाई हवी असते. सह्या गोळा करायला वयाची १८ वर्षं पुरतात, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही हे काम सहज मिळेलसं वाटतं. परवानगीशिवाय पैशासाठी काम केलं तर व्हिसाच धोक्यात येतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

नागरिक झालात की मग हाच कागद कसा वाचायचा ते बघा. गोळा करणारा माणूस पैसे घेतो की स्वयंसेवक आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तसं कागदावरच छापलेलं असतं. ‘ऑफिशियल टॉप फंडर्स’ ही सगळ्यात जास्त पैसा देणाऱ्यांची यादी मागा. ती पिटिशनवर तरी असते किंवा वेगळ्या पानावर तरी. २०२० पासून ती दाखवणं बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेला मुद्दा आणि ही नावं जुळत नसतील तर सही करू नका, त्याहून चांगली कसोटी नाही. सही करून बसलात आणि नंतर पस्तावलात, तरी पिटिशन दाखल होण्याआधी काउंटीला नाव, पत्ता आणि सहीनिशी लेखी कळवलं की सही मागे घेता येते.

मत नसलेल्यांनी यात डोकं का घालायचं? कारण इथे पहिल्या दिवसापासून तुम्ही जुन्या प्रॉपच्या नियमांत राहता. अपार्टमेंटच्या गराजमध्ये कॅन्सरचा इशारा देणारी पाटी दिसते आणि नवी मंडळी घाबरून घरी फोटो पाठवतात. ती १९८६ च्या प्रॉप ६५ ची पाटी. यादीतलं एखादं रसायन तिथे आहे एवढंच ती सांगते. किती आहे हे सांगत नाही, आणि त्या जागेवर किंवा वस्तूवर बंदी आहे असंही नाही. गाडीचा विमा १९८८ च्या प्रॉप १०३ वर चालतो: हप्ता ठरवताना आधी तुमचं चालवण्याचं रेकॉर्ड, मग वर्षाचे मैल, मग अनुभवाची वर्षं बघायची. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत असाल तर मैलांचा खरा आकडा कळवा, हप्ता उतरतो.

घर घेताना मात्र १९७८ चा प्रॉप १३ नीट समजून घ्याच. त्याने घरपट्टी खरेदीच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधली आणि पुढे ती किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढवता येईल असं ठरवलं. समजा शेजाऱ्याने १९८५ मध्ये ३ लाख डॉलरला घर घेतलं. ४० वर्षं पूर्ण २ टक्के वाढ धरली तरी त्याची किंमत कागदावर साडेसहा लाखांच्या थोडी वर जाते आणि मूळ कर साधारण ६,६०० होतो. तसंच घर तुम्ही १५ लाखांना घेतलंत की तुमचा मूळ कर १५,०००, त्यावर स्थानिक कर्जरोख्यांचे कर वेगळे. भिंत एक, रस्ता एक, शाळा एक. हे न्याय्य आहे का यावर इथे चार दशकं वाद चालू आहे, आणि तो समजल्याशिवाय इथलं राजकारण कळत नाही. व्यवहाराची गोष्ट अशी की खरेदीनंतर काही महिन्यांनी ‘सप्लिमेंटल’ नावाचं वेगळं बिल येतं. जुन्या मालकाची किंमत आणि तुमची किंमत यातल्या फरकावरचा तो कर. बँक हप्त्यातून घरपट्टी भरत असली तरी हे बिल सहसा तुमच्याच हाती येतं. नेहमीच्या घरपट्टीच्या शेवटच्या तारखा १० डिसेंबर आणि १० एप्रिल. चुकल्या की दंड बसतो.

लोकांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला एकट्याने बदलता येत नाही. तशी मुभा त्या मसुद्यातच दिलेली नसेल तर दुरुस्तीसाठी पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. म्हणून चुकीचं एक वाक्यही वर्षानुवर्षं चिकटून राहतं, आणि म्हणूनच सह्या पुरेशा झाल्या की आमदार वाटाघाटीला येतात. २०१८ मध्ये ग्राहकांच्या माहितीच्या खासगीपणाचा प्रश्न मतपत्रिकेवर यायच्या बेतात होता. विधिमंडळाने जूनअखेर घाईघाईने तसाच कायदा मंजूर केला आणि प्रश्न मागे घेतला गेला. आपल्यातले जे टेक कंपन्यांत आहेत त्यांना त्या कायद्याचं सीसीपीए हे नाव रोज ऐकू येतं. पैसा ओतला की प्रॉप जिंकतो असंही नाही. २०२० मध्ये ॲप टॅक्सीवाल्यांच्या कंपन्यांनी प्रॉप २२ साठी २० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करून तो जिंकला, पण २०२२ मध्ये खेळांवरच्या सट्ट्याच्या दोन प्रश्नांवर त्याहून कितीतरी मोठी रक्कम लागली आणि दोन्ही आपटले.

निवडणुकीआधी मतदार असलेल्या घरी जाडजूड माहितीपुस्तिका येते. ती राज्य हिंदीतही काढतं, मराठीत नाही. आधी विधिमंडळाच्या विश्लेषकाचा भाग वाचा: आज काय आहे, काय बदलेल, किती पैसे लागतील. बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद नंतर, कारण ते पक्षकारांनी लिहिलेले असतात. शेवटच्या पानांवर मूळ मसुदा असतो. त्यात काट मारलेले शब्द जाणार आणि तिरपे शब्द नवे येणार. रेफरेंडम असेल तर पूर्वी ‘हो’ म्हणजे विधिमंडळाचा कायदा ठेवा आणि ‘नाही’ म्हणजे तो पाडा, असं होतं. कायदा पाडायचा म्हणून सह्या देणारे लोक इथे उलटं मत देऊन बसायचे, म्हणून २०२३ च्या कायद्याने ‘कायदा ठेवा’ आणि ‘कायदा पाडा’ असे पर्याय आणले. २०२० च्या जामिनाच्या प्रॉप २५ मध्ये ‘नाही’ जिंकलं आणि कायदा रद्द झाला.

इथल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीसाठी एक सूचना. ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, अशी नोंदणी असलेल्या मंडळाला उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. प्रॉपवर भूमिका घेणं लॉबिंगमध्ये, म्हणजे कायद्यावर प्रभाव टाकण्याच्या कामात, मोडतं आणि मर्यादेत चालतं. पण खर्चाचा हिशेब वेगळा ठेवा.

नागरिकत्वाची शपथ झाली की नाव नोंदवा. मुदत निवडणुकीच्या १५ दिवस आधीची, पण ती हुकली तरी मतदानाच्या दिवसापर्यंत काउंटीच्या कार्यालयात किंवा मतदान केंद्रावर नोंदणी करून मत देता येतं. मतपत्रिका सगळ्यांना टपालाने येते. सगळ्या प्रश्नांवर मत द्यायलाच हवं असं नाही, न कळलेला रकाना कोरा सोडला तरी बाकीची मतं मोजली जातात. पाकिटावरची सही मात्र काउंटीकडच्या किंवा लायसन्सवरच्या सहीशी ताडून बघतात. लायसन्सवर देवनागरीत सही केली असेल तर पाकिटावरही देवनागरीतच करा. लग्नानंतर किंवा नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल तर नवी सही आधी नोंदवून ठेवा. सही जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं, आणि त्याला दिलेल्या तारखेच्या आत उत्तर दिलं तरच ते मत मोजलं जातं.