यो-योचे नवे पॅड घेताना आधी खाच मोजा

यो-यो हाताला परत येईना किंवा बाइंड मारताना (दोरीची घडी आत घालून यो-यो हातात परत बोलावताना) दोरी सटकायला लागली की आपण पॅड (यो-योच्या आतल्या बाजूला गोल खाचेत चिकटवलेली, दोरी पकडणारी मऊ चपटी रिंग) मागवतो, आणि नेमके ते खाचेत बसत नाहीत. जुना पॅड काढून त्याचंच माप घ्यायचं नाही, तो ताणलेला असतो.

१. यो-यो उघडा, बेअरिंग (मधली फिरती कडी, जिच्यावर दोरी असते) काढा, जुना पॅड नखाने उचला.
२. पातळ कागदाला मधे भोक पाडून तो खाचेवर दाबून धरा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. खाचेचा गोल उमटतो, त्याची बाहेरची कडा आरपार पट्टीने मोजायची. व्हर्नियर असेल तर मस्तच.
३. हल्लीच्या बऱ्याच मेटल यो-योंना १९ मिमीचे स्लिम पॅड लागतात, पण "सी साइज बेअरिंग (बेअरिंगचं एक प्रचलित माप) आहे म्हणजे हाच पॅड" असं धरू नका, बेअरिंगचं माप वेगळं आणि पॅडचं वेगळं.
४. जाडी बघाच, इथेच सगळे चुकतात. पॅड यो-योच्या आतल्या भिंतीच्या लेव्हलला किंवा केसभर आत हवा, बाहेर आला तर यो-यो ट्रिकच्या मधेच दोरी पकडतो आणि सरळ बोटांवर येतो.

चिकटवण्याआधी खाच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, जुना गोंद राहिला तर नवा पॅडही दोन दिवसांत सुटतो. नवा पॅड सुरुवातीला जरा जास्त पकडतो, थोडं खेळलं की बसतो, लगेच काढून टाकू नका.

प्लास्टिकच्या यो-योवर नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक खातं.