रिसीव्हरची फटफट कशी थांबली

४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (रेडिओ सिग्नलचा थेट ऑडिओ करणारा) किटमधून जोडला. सिग्नलचा ऑडिओ करणारी मिक्सर-ऑसिलेटर चिप एनई६०२, पुढे तो ऑडिओ मोठा करायला अॅम्प्लिफायर चिप एलएम३८६. बारीक आवाजात हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) गप्पा छान ऐकू यायच्या. आवाज वाढवला की स्पीकरमध्ये बुलेटसारखी फटफट सुरू. अँटेना काढली तरी तेच. म्हणजे गडबड ऑडिओत किंवा सप्लायमध्ये.

जुना काट्याचा मीटर लावला (इथे डिजिटलपेक्षा तोच बरा). फटफटीच्या तालावर ९ व्होल्ट बॅटरीचा काटा नाचत होता. एलएम३८६ करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, एनई६०२ची फ्रिक्वेन्सी हलते आणि तो धक्का ऑडिओतून पुन्हा फिरून येतो.

मग एलएम३८६च्या ६ नंबर (सप्लायच्या) पिनला अगदी चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला; लांब तारांनी लावला तर उपयोग नाही. ५ नंबर (आउटपुटच्या) पिनपासून ग्राउंडला १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये. एनई६०२ला स्वतंत्र ७८एल०६ (व्होल्टेज ६ व्होल्टवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). फटफट बंद! किटमध्ये यातलं काहीच नव्हतं. एवढे चार पैसे वाचवून काय मिळवतात कोण जाणे. बॅटरी ८ व्होल्टखाली गेली की मात्र रेग्युलेटर हात टेकतो.

रात्री ब्रॉडकास्ट स्टेशनं घुसतात, त्यासाठी अँटेनाला १ किलोओहमचा पॉट (फिरवून सिग्नल कमी करायचा रेझिस्टर) लावलाय.