करी रोडला फास्ट थांबत नाही

पिणाऱ्या बापाच्या घराची गोष्ट किशोरांसाठी लिहायची असेल, तर आधी एक ठरवा: विनोद करणार कोण? माझ्या पहिल्या खर्ड्यात तो मीच करत होते, पंचावन्नाव्या वर्षी, पंख्याखाली बसून. बापाच्या झोकांड्या, बोबडी वळलेली जीभ, नाटकात हमखास टाळ्या घेणारं ते सगळं. धाकट्या बहिणीने वाचून विचारलं, "ताई, तेव्हा हसली होतीस का तू?" खर्डा फाडला.

आमची चाळ लालबागची, लोकलचं स्टेशन करी रोड, त्याच्या आधीचं चिंचपोकळी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या पावसाळ्यापर्यंत बाबा पिऊन यायला लागले. रात्री आम्ही दोघी गॅलरीत. मी विचारायचे, "आज स्लो की फास्ट?" स्लो म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गुत्त्यावर थांबत. ती म्हणायची, "ताई, करी रोडला फास्ट थांबते का कधी?" मग तोंडावर फ्रॉक दाबून हसायचं.

हा विनोद त्या पोरींचा आहे, त्यांच्या स्टेशनाचा आहे आणि बाबांच्या कानावर गेला तर पाठ सोलून निघेल. एवढी भीती मागे नसेल तर वाक्य कितीही चुरचुरीत असो, काढा. शब्दही त्यांचेच हवेत. बारा वर्षांची मुलगी 'व्यसनाधीन' म्हणत नाही, 'घेऊन आलेत' म्हणते.

हसून झालं की पात्रांना कामाला लावा. धाकटी दोघींची दप्तरं शेजारच्या काकूंकडे ठेवून यायची, मी पितळी तांब्या माळ्यावर टाकायचे. तांब्या का, ते लिहू नका. काकू काही विचारत नसत, रेडिओ तेवढा मोठा करत.

प्रत्यक्ष मारहाणीत विनोद नको. आदल्या क्षणी चालेल, दुसऱ्या दिवशी नळावर तर धावेल.

बापाचं बरं वागणंही गाळू नका (मला ते सगळ्यात जड गेलं). शुद्धीत असले की बाबा आमच्या वेण्या घालायचे. तुटला धागा जोडायची सवय असलेली बोटं, वेणी दिवसभर सुटायची नाही.

शेवटी बाप सुधारून टाकायचा मोह होतो. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. कधी संपला विचाराल तर चाळीत दारागणिक वेगळं उत्तर. बाबांचंही तसंच. म्हणून माझी गोष्ट मी गॅलरीतच सोडली. खाली पहिल्या मजल्यावर पावलं वाजतात आणि धाकटी कुजबुजते, "चिंचपोकळी गेलं."