पाच देश, एक रेल्वेप्रवास: ठाण्यात बसून आखणी कशी करावी

युरोपचा बेत ठरला की आपण आधी शहरांची यादी करतो. माझं सांगणं असं की आधी गाडी कुठे आणि किती वेळा बदलायची ते लिहून काढा, कारण प्रवास बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

आई आणि मी नौपाड्यातल्या घरी नकाशा पसरून मार्ग पक्का केला: पॅरिस, झुरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट. देश पाच, पण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकच. विमान जाताना पॅरिसचं आणि येताना बुडापेस्टहून घ्या, म्हणजे उलट पावली पॅरिसला यावं लागत नाही.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस मुक्काम त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ६ महिने आधीपासून अर्ज घेतात. मे महिन्यात जायचं असेल तर नोव्हेंबरातच तयारीला लागा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पासपोर्टची मुदत परतल्यावरही ३ महिने शिल्लक हवी. लंडन जोडायचं असेल तर त्याचा व्हिसा वेगळा.

आता वही घ्या आणि प्रत्येक टप्प्याला एक पान द्या. वर स्टेशनचं पूर्ण नाव लिहा, नुसतं शहराचं नको. मुंबईची गाडी म्हटल्यावर सीएसएमटी, कुर्ला की वांद्रे टर्मिनस हे आपण विचारतोच ना? पॅरिसहून झुरिकची गाडी गार द लिऑनहून सुटते, लंडनची गार दु नोरहून. व्हेनिसला मेस्त्रे स्टेशन म्हणजे पाण्याच्या अलीकडचा काठ. कालव्यांचं व्हेनिस हवं असेल तर सांता लुचिया.

सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे दोन गाड्यांच्या मधला वेळ. ठाण्याला पाच नंबरवर उतरून दहा नंबरची वाशी लोकल पकडायची आपल्याला सवय, त्यामुळे मोबाइलवर ८ मिनिटं दिसली की पुरेशी वाटतात. आमची पहिली गाडी काही मिनिटं उशिरा आली. लिफ्टपाशी रांग, आईचा गुडघा, दोन बॅगा. जिना चढून वर आलो तेव्हा पुढच्या गाडीचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, म्हणून दुसऱ्याचे पैसे गेले. सलग प्रवासाचं एकच तिकीट असतं तर पुढच्या गाडीने पोचवणं रेल्वेवर बंधनकारक असतं. तेव्हापासून मी ४० मिनिटांच्या आत गाडी बदलायची नाही असं ठरवलंय, आणि दिवसातल्या शेवटच्या गाडीवर तर कधीच विसंबत नाही.

पास घ्यावा का? आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्यांसाठी युरेल पास असतो, ३३ देशांत चालतो. पण पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला, इटलीच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रगाडीच्या बर्थला आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात दिवसाच्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, तिथे मनात येईल तेव्हा निघायचं असेल तर पास खरा कामाचा. आमच्या मार्गावर पाचपैकी चार टप्प्यांना आरक्षण लागत होतं, म्हणून आम्ही सुटी तिकिटं लवकर काढली. लवकर काढली की ती बरीच स्वस्त पडतात.

व्हेनिस–व्हिएन्ना रात्रगाडी जरूर घ्या, हॉटेलची एक रात्र वाचते. मात्र काही रात्रगाड्यांचे डबे वाटेत सुटे होऊन वेगवेगळ्या शहरांना जातात. तिकिटावरचा डबा नंबर बघा, दारावरची पाटी वाचा आणि मगच चढा.

स्विस फ्रँक आणि हंगेरीचं फोरिंट सोडलं तर या मार्गावर सगळीकडे युरो चालतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासाने बदलतात. त्या दिवशी गाडी असेल तर वेळ पुन्हा तपासा.

निघण्याच्या आठवडाभर आधी, एखाद्या रविवारी दुपारी, भरलेली बॅग घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना चढा. हमाल नाही, सरकता जिना नाही, असं धरून. आम्ही चढलो तेव्हा आई जिन्याच्या दुसऱ्या टप्प्यावर थांबली. घरी आल्यावर तिने बॅग उघडली, बुटांचा दुसरा जोड आणि जाड शाल काढून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आता उचलून बघ."