वेड लागलेलं आणि वेड पांघरलेलं : अभिजात साहित्यातला वेडेपणा वाचताना या चुका टाळा

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण येता-जाता वापरतो. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' उघडण्याआधी तेवढा एक डोक्यात ठेवला तरी निम्मे घोटाळे टळतात. पहिल्याच अंकात हॅम्लेट आपला मित्र होरेशिओला आणि पहारेकरी मार्सेलसला बजावतो की पुढे मी तऱ्हेवाईक वागलो, तर तुम्हाला माझ्याबद्दल आतलं काही माहीत आहे अशी खूणसुद्धा कुणाला देऊ नका. म्हणजे वेड पांघरायचं आधीच ठरलेलं आहे. तरी चौथ्या अंकापर्यंत पोचेतो वाचक हे विसरतो आणि 'याला नेमका कुठला आजार होता?' या प्रश्नाशी येऊन अडतो.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. एका वाचनगटासाठी टिपण करताना मी स्वतः त्याच नाटकातल्या ऑफेलियाच्या नावापुढे आजाराचं नाव लिहून मोकळी झाले होते. गटातल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "बरं, मग? आता तिच्या गाण्यांचं काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव मिळालं आणि वाचन तिथंच थांबलं.

आजाराचं नाव शोधत बसू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 मध्ये रूढ केला. 'हॅम्लेट'ची पहिली छापील प्रत 1603 ची. मधल्या तीनशे वर्षांत शरीर आणि मन यांबद्दलची समजूतच बदलून गेली. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांच्या डोक्यात चार द्रव होते: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो, संशयी होतो, एकटा बसतो. या खिन्नतेवर टिमथी ब्राइट या डॉक्टराने 1586 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला होता. काळ्या कपड्यांतला हॅम्लेट रंगमंचावर आला की प्रेक्षकांना त्याची प्रकृती लगेच ओळखू येत असणार.

'डॉन किहोते'चं (1605) उदाहरण याहून गमतीचं आहे. झोप कमी, वाचन जास्त, त्यामुळे त्याचा मेंदू सुकला असं सर्व्हांतेस लिहितो. आपण हसून पुढे जातो. पण कोरडेपणा आणि उष्णता वाढली की बुद्धी भरकटते, हे तेव्हाचं रीतसर वैद्यकशास्त्र होतं. विनोद आहेच, फक्त तो त्या शास्त्राच्या पायावर उभा आहे. वात-पित्त-कफ कानांवरून गेलेल्या वाचकाला हे पटकन उमगतं. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक (तिन्ही दोषांचा) आणि आगंतू (बाहेरच्या कारणाने आलेला). मात्र 'म्हणजे हे तेच' असं म्हणून दोन्ही शास्त्रं एकात ओतू नका. साम्य वाचायला मदत करतं, पुरावा देत नाही.

आणि निदानाचा मोह आवरतच नसेल तर 'मॅकबेथ'च्या पाचव्या अंकातल्या वैद्याकडे बघा. लेडी मॅकबेथ झोपेत चालते, हात चोळत राहते, आणि समोर उभा असलेला वैद्य कबूल करतो की हे माझ्या विद्येपलीकडचं आहे, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे. नाटकातल्या वैद्याने हात टेकले, तिथं आपण कशाला नाडी बघायची?

खरं आणि खोटं वेड एकाच मापाने मोजू नका

'किंग लिअर'मध्ये वादळी रात्री माळरानावर तिघं एकत्र येतात. म्हाताऱ्या राजा लिअरची बुद्धी खरोखर ढळते आहे. एडगर जीव वाचवण्यासाठी 'पुअर टॉम' नावाचा वेडा भिकारी बनला आहे. आणि विदूषकाचा तर खुळचटपणा हाच पोटाचा धंदा. एकच वादळ, तीन तऱ्हेचं वेड, आणि तिघांची भाषा एकमेकींत घुसत जाते. 'लिअर वेडा होतो' एवढंच डोक्यात धरून हा प्रवेश वाचला, तर तो नुसता आरडाओरडा वाटतो. एडगरचं सोंग हवेतून आलेलं नाही. लंडनचं बेथलेम हे 1247 मध्ये स्थापन झालेलं आश्रमस्थान पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं आणि लोकांच्या तोंडी 'बेडलम' म्हणून रुळलं. तिथून सुटलोय असं सांगत उघड्या दंडांत टाचण्या-खिळे टोचून भीक मागणारे लोक असत, आणि सोंग घेण्याआधी एडगर स्वतःच त्यांचा दाखला देतो.

सोंगाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायण' नाटकात वत्सराज उदयनाला कैदेतून सोडवायला निघालेला मंत्री यौगंधरायण तिसऱ्या अंकात चक्क वेड्याच्या वेषात येतो. पण तिथं संभ्रम नाही, कारण मंत्र्याचा डाव प्रेक्षकाला ठाऊक असतो. हॅम्लेटच्या बाबतीत तो डाव आपल्याला पुरता कळत नाही.

मग ओळखायचं कसं? समोर कोण आहे ते बघा. होरेशिओ असला की हॅम्लेट नीट बोलतो, राजाचा सल्लागार पोलोनिअस आला की बरळतो. हा साधा नियम बराच वेळ टिकतो आणि आईच्या महालात मोडतो. पहिल्या अंकात बापाचं भूत पहारेकऱ्यांनाही दिसलं होतं. इथं ते फक्त हॅम्लेटला दिसतं, आईला, म्हणजे गर्ट्रूडला, रिकामी हवा दिसते. पांघरलेलं वेड अंगाला चिकटायला लागलं की काय, हा प्रश्न इथं उभा राहतो. शेक्सपिअर त्याचं उत्तर देत नाही. आपणही घाईने देऊ नये.

वेड्या बाईचं चित्र बघून तिला वाचली असं समजू नका

ऑफेलिया म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे पाण्यावर तरंगणारी, फुलांनी वेढलेली मुलगी येते. ते जॉन एव्हरेट मिलेचं चित्र, 1851-52 मधलं. नाटकात ती बुडताना दिसतच नाही, गर्ट्रूड येऊन ती हकिकत सांगते. नाटकात दिसते ती चौथ्या अंकातली ऑफेलिया, आणि ती अजिबात नाजूक नाही. ती दरबारात येऊन फसवल्या गेलेल्या मुलीची चावट गाणी म्हणते, बाप मेल्याची गाणी म्हणते, राजा-राणीच्या देखत फुलं वाटते. तोवर बाप आणि भाऊ जे सांगतील त्याला मान डोलावणारी ही मुलगी. आता तिला गप्प बस म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. वेड ही तिला मिळालेली एकमेव बोलण्याची जागा आहे, आणि ती मिळेपर्यंत फार उशीर झालेला आहे.

शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधली (1847) बर्था मेसन याच्या अगदी उलट. माडीवर कोंडलेल्या या बाईचं हसू ऐकू येतं, गुरगुरणं ऐकू येतं, पण तिची बाजू तिच्या तोंडून एकदाही येत नाही. तिच्या पूर्वायुष्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक रॉचेस्टरकडून, म्हणजे दुसरं लग्न करायला निघालेल्या नवऱ्याकडून. कोर्टात अशा साक्षीदाराला वकील सोडेल का? तरी कादंबरी वाचताना आपण त्याचा शब्द न् शब्द खरा मानतो.

बर्थावर अन्याय झाला हे नंतरच्या वाचकांचं खूळ आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांना एक गोष्ट सांगावी. कादंबरी येऊन काही महिनेच झाले होते, तेव्हा जानेवारी 1848 मध्ये शार्लट ब्राँटीने आपल्या प्रकाशनसंस्थेतल्या विल्यम्स यांना पत्र लिहिलं. अशी अवस्था पाहून मनात करुणाच यायला हवी होती, माझ्याकडून भयानकतेवर जास्त भर गेला, असं तिनेच त्यात कबूल केलं आहे. पुढे 1966 मध्ये जीन ऱ्हीसने 'वाइड सारगॅसो सी' लिहून बर्थाला तिचं बालपण, तिचं कॅरिबियन बेट आणि तिचं वेगळं नाव दिलं. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा, पण क्रम उलटा करू नका. आधी ब्राँटी. रॉचेस्टरवर एकदा पूर्ण विश्वास टाकलेला असल्याशिवाय ऱ्हीसचा धक्का बसत नाही.

प्रत्येक वेड्याला द्रष्टा करू नका

'वेडा हाच खरा शहाणा' हे वाक्य टाळ्या मिळवतं, म्हणून ते फार वापरलं जातं. लिअरला लागू पडतं, तेही अर्धवट. ग्रीक नाटककार युरिपिडिसच्या 'हेराक्लिस'ला लावून बघा. वेडाच्या भरात तो स्वतःच्या बायकोला आणि मुलांना ठार मारतो. यात कुठलं शहाणपण? तिथं वेड बाहेरून येतं. लिसा, म्हणजे मूर्तिमंत वेड, रंगमंचावर उतरते आणि तिलाही हे काम नको असतं. ती आढेवेढे घेते, पण हेरा या देवीची आज्ञा म्हणून नाइलाजाने करते. वेडालाच वेड लावायची इच्छा नाही, असा प्रवेश मला तरी दुसरीकडे सापडलेला नाही.

संस्कृत नाटकात अजून तिसरंच गणित. नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी भावांत उन्माद येतो, म्हणजे येऊन जाणारी अवस्था. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'च्या चौथ्या अंकात पुरूरवा मोराला, कोकिळेला, हंसाला, हत्तीला उर्वशीचा पत्ता विचारत रानभर फिरतो. वेलीला मिठी मारतो, ती वेल उर्वशी होते आणि उन्माद ओसरतो. तो वेडा 'होता' असं म्हणणं म्हणजे पावसाळ्यात भिजलेल्या माणसाला कायमचा ओला म्हणण्यासारखं आहे. तो द्रष्टा नाही आणि रोगीही नाही. विरह त्या टोकाला गेला आहे, इतकंच.

गोगोलच्या 'वेड्याची रोजनिशी' (1835) या कथेतला पोप्रिश्चिन तर द्रष्टेपणापासून फार लांब. साहेबाच्या लेखण्यांना टोकं काढणारा, वरच्यांचा हेवा करणारा, खालच्यांना तुच्छ लेखणारा कारकून. त्याचं वेड बघायचं तर नोंदींच्या तारखा बघा. आधी साध्या, मग '2000 साल, 43 एप्रिल', मग '86 मार्टोबर'. तोवर तो स्पेनचा राजा झालेला असतो. हे खूळही वर्तमानपत्रातून आलेलं. तिथला राजा सातवा फर्डिनंड 1833 मध्ये वारला आणि गादीचा वाद पेटला, ती बातमी याने वाचली. घाईत वाचणारे तारखांच्या ओळी सोडून देतात. त्या सोडल्यात तर कथा अर्धी हातातून गेली.

लेखकाच्या आजारपणावरून पुस्तकाचा अर्थ लावू नका

फ्रेंच कथाकार मोपासाँ 1893 मध्ये मनोरुग्णालयात वारला, म्हणून अदृश्य प्राण्याच्या भयाने पछाडलेल्या माणसाची 'ल ओर्ला' ही कथा त्याने भ्रमिष्टपणात लिहिली असं सर्रास सांगितलं जातं. त्या कथेची दोन रूपं आहेत. 1886 च्या रूपात एक रुग्ण डॉक्टरांसमोर आपली हकिकत सांगतो. 1887 मध्ये त्याने तीच रोजनिशी करून लिहिली, त्यामुळे मधले डॉक्टर गेले आणि वाचक थेट त्या माणसाच्या डोक्यात जाऊन पडला. निवेदनाचा कोन इतक्या थंडपणे बदलणारा माणूस लिहिताना तरी शुद्धीवर होता.

भाषांतरात हरवलेली खूण

शेक्सपिअरची पात्रं भान सुटलं की बऱ्याचदा पद्यातून गद्यात घसरतात. लेडी मॅकबेथ आधी पद्यात बोलते, झोपेत चालताना गद्यात. मराठी भाषांतर सरसकट गद्य असेल तर ही खूण पुसली जाते आणि वाचकाला वाटतं, वेड एकदम कुठून आलं? अशा वेळी मूळ पानाचा नुसता आकार बघून या. ओळी तुटक आहेत की सलग, तेवढं कळलं तरी पुरे. अर्थात गद्य म्हणजे वेड असंही नाही, हॅम्लेट नटांशी आणि कबर खोदणाऱ्याशीही गद्यातच बोलतो.

आपल्या 'वेड' या शब्दाचीही एक अडचण आहे. क्रिकेटचं वेड, प्रेमाचं वेड, संतांचं पिसं आणि इस्पितळातला रुग्ण, सगळ्यांना आपण जवळपास एकाच माळेत ओवतो. आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं 'विकारविलसित'. विकार म्हणजे रोगही आणि मनाचा क्षोभही. त्या एका शब्दात नाटकातला मुख्य पेच मावतो.

तरीही अडलात तर

पेन्सिल घ्या आणि या पात्राला वेडं पहिल्यांदा कोण म्हणालं, त्या ओळीखाली रेघ मारा. मग त्या म्हणण्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. चेखवच्या 'वॉर्ड नंबर 6'मध्ये (1892) डॉक्टर रागिन एका रुग्णाशी मनमोकळं बोलायला लागतो, एवढ्यावरून त्याची चर्चा सुरू होते. त्याच्या जागेवर डोळा असलेला सहकारी हजरच असतो, आणि शेवटी रागिन त्याच वॉर्डात कोंडला जातो. ब्राझीलच्या माशादो द असिसच्या 'ओ आलिएनिस्ता'त डॉक्टर बाकामार्ते गावातली पाचातली चार माणसं वेडी ठरवून आत टाकतो. मग आकडा बघून त्यालाच शंका येते, तो सगळ्यांना सोडतो आणि उरलेल्या शहाण्यांना पकडतो. अखेर पूर्ण समतोल फक्त आपल्यातच आहे असं ठरल्यावर स्वतःच आत जाऊन बसतो.

आणि प्रस्तावना वगळू नका, विशेषतः लू शुनची. 1918 च्या त्याच्या 'वेड्याची रोजनिशी'त सगळं गाव माणसं खातं असा एकाचा संशय आहे. ती रोजनिशी रोजच्या बोलीत आहे, आणि तिच्याआधीचं छोटं निवेदन जुन्या, पंडिती चिनीत. पंडिती भाषेतला तो शहाणा आवाज शांतपणे कळवतो की रुग्ण केव्हाच बरा झाला आणि सरकारी नेमणुकीसाठी दुसरीकडे गेलाही. वहीचं नाव तेवढं आपण बदललेलं नाही, असंही तो सांगतो. ते त्या माणसाने बरं झाल्यावर स्वतःच लिहून ठेवलं होतं.